रंग अजून ओला आहे

तुमच्या घरातल्या माणसानं आपली सगळ्यात जिवाची वस्तू तुमच्या हातात दिली आणि म्हटलं, "तुला आवडेल तसं कर, माझं काही म्हणणं नाही," तर तुम्ही काय कराल? खूश व्हाल ना? एवढा विश्वास टाकला म्हणून छाती फुगेल ना तुमची?

आर्डिस कूंट्झची फुगली होती. त्या फुगलेल्या छातीनंच तिनं सख्ख्या भावाला त्याची बंदूक परत दिली, सांगितल्या दिवशी, मऊ फडक्यानं पुसून.

टॅनरी फोर्क हे पेनसिल्व्हेनियाच्या उत्तर डोंगरातलं गाव. कातडी कमावण्याचा कारखाना आजोबांच्या काळात बंद झाला, काचेचा बापांच्या काळात, कागदाचा आजच्या लोकांच्या डोळ्यांदेखत. उरलंय काय, तर एक शाळा, दोन चर्च, एक दारूचं दुकान आणि घरटी चार-पाच बंदुका. यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. एक हरीण पडलं की घरातला मोठा फ्रीज भरतो आणि हिवाळा निभतो. नोव्हेंबरच्या शेवटी शनिवारी शिकारीचा हंगाम उघडतो, तेव्हा सोमवारी शाळेलासुद्धा सुट्टी असते. कारण ती नाही दिली तरी वर्गात मास्तरही येणार नाहीत आणि पोरंही.

आर्डिस एकसष्ट वर्षांची. आडव्या हाडाची, कापलेल्या पांढऱ्या केसांची, तोंडानं फटकळ. वीस वर्षं तिनं एका दुकानात ठोकलेल्या-चेपलेल्या मोटारी रंगवल्या. त्या दुकानात ती एकटीच बाई. तिला कुणी शिकवलं नाही. उलट "बाजूला हो, अंगावर रंग उडेल" म्हणून हाकलायचे. बाजूला होऊन बघत बघतच शिकली. दुकान बंद झालं तेव्हा मालकाकडून तिनं रंगाची पिचकारी आणि हवेचा पंप उचलून आणला आणि घरामागच्या शेडमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. जुन्या बंदुकांना नवा रंग. पानापानांचा, जंगलात लपणारा.

वरवर बघणाऱ्याला वाटतं, फुस्स केलं की झालं. तसं असतं तर गावातल्या प्रत्येक टग्यानं आपापली रंगवली असती. आधी सगळी बंदूक उघडायची, भाग न् भाग वेगळा. मग वाळूचा मारा, पोलाद राखाडी आणि खरखरीत होईपर्यंत. मग भट्टी. आर्डिसची भट्टी म्हणजे कारखान्यातलं कामगारांचे कपडे ठेवायचं लोखंडी कपाट, आत तापणारे दिवे बसवलेले. त्यात जुनं पोलाद गरम झालं की त्याला घाम फुटतो. बापानं, त्याच्या बापानं साठ-साठ वर्षं चोळलेलं तेल आत मुरलेलं असतं, ते थेंब थेंब वर येतं. पुसायचं, परत तापवायचं, परत पुसायचं. तिसऱ्यांदा कोरडं निघालं तरच रंग. घाई केलीत तर वर्षात पोपडे.

आणि मग पानं. बाकीचे रंगारी बाजारातून कापलेले कागदी साचे आणतात. आर्डिसला ते चालत नाही. तिच्या शेडच्या दारावर खडूनं लिहिलंय: स्वतःची पानं आणा. जिथं बसून तू हरणाची वाट बघतोस तिथली पानं मला आणून दे. तीच मी नळीवर चिकटवीन, वर रंग मारीन, पान उचललं की खाली त्याची सावली राहील. गावातले पुरुष आपली बसायची जागा बायकोलाही सांगत नाहीत. पण आर्डिसकडं पावाच्या पिशवीत पानं घेऊन येतात, चोरीचा माल असल्यासारखी इकडंतिकडं बघत. बीच झाडाचं पान आणि ओढ्याकाठचा नेचा एकत्र दिसला की ही जागा कुठली, हे आर्डिसला लगेच कळतं. आजवर तिनं एकाचीही जागा फोडलेली नाही.

पानांवरून भांडणं मात्र तासतासभर.

"हा नेचा उलटा लावलास तू."

"नेचा खालीच झुकतो, घोड्या. कधी वर मान करून उगवलेला बघितलास?"

"अगं पण नळीच्या टोकाला ओकचं पान नको, चमकतं."

"अंगावर कायद्याचं केशरी जाकीट घालून भोपळ्यासारखा झाडाखाली बसणार, आणि बंदूक चमकते म्हणून रडतोय!"

हे असंच चालायचं. पानावरून न भांडणारा माणूस या वर्षापर्यंत तिच्या शेडमध्ये एकदाच आला होता. तिचा भाऊ.

वेंडेल तिच्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटा. कागदाच्या कारखान्यात होता. कारखाना गेला, पाठोपाठ बायको गेली, आणि वेंडेल त्याच घरात एका खोलीपुरता राहू लागला. सहा वर्षांपूर्वी सप्टेंबरात तो वडलांची रायफल घेऊन आला. अक्रोडाचा दस्ता, नळीवरचा निळा रंग पार उडालेला.

"पानं कुठायत?" आर्डिसनं विचारलं.

"तुझ्या अंगणातली घे ना. तुला आवडेल तसं कर."

आर्डिसनं काय ऐकलं? माझ्या भावाचा माझ्या हातावर एवढा भरवसा आहे, हे ऐकलं. आठ आठवडे लागली ती त्या बंदुकीमागं. अंगणातले नेचे लहान-मोठे असे लावले, की नळीच्या बुडाशी दाट आणि टोकाकडं विरळ, उजेडात शिरणाऱ्या रानासारखे. तिच्या हातून त्याआधी तसं काम झालं नव्हतं, त्यानंतरही नाही. हंगामाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, ठरल्या वेळी तिनं ती वेंडेलच्या हातात दिली. त्यानं उलटसुलट करून पाहिली. "सुंदर झालीय, आर्डी," म्हणाला. चुकूनही एक खोट काढली नाही.

शनिवारी उजाडता उजाडता सगळं गाव डोंगर चढलं. वेंडेल चढला नाही. तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीत होता. पहिला बार आर्डिसनं ऐकला तो डोंगरावरचा की खालचा, हे तिला आजतागायत कळलेलं नाही.

पुढं चर्चमध्ये काय सांगितलं? "बंदूक साफ करताना सुटली." वर्तमानपत्रात काय आलं? तेच. या डोंगरात दर हिवाळ्यात एक-दोन माणसं बंदूक साफ करताना जातात. बायका मान हलवतात, पुरुष बुटांकडं बघतात, पाद्री डोळे मिटतात. आर्डिस दफनाच्या जागी उभी राहून सगळ्यांदेखत ओरडली, "वेंडेलनं जन्मात कधी बंदूक साफ केली नाही! त्याची बंदूक मी साफ करायचे, मी!" लोकांनी तिला धरून गाडीत बसवलं. दुःखानं डोकं फिरलंय म्हणाले. डोकं ठिकाणावर असलेली त्या दिवशी ती एकटीच होती.

ज्याला रानात जायचंच नाही, त्याला रानातली पानं कशाला हवीत? एवढं साधं. आणि रानातल्या प्रत्येक पानाची जागा ओळखणाऱ्या बाईला ते कळलं नाही.

पोलिसांनी काम संपल्यावर रायफल कायद्यानं घरच्यांकडं, म्हणजे तिच्याकडंच परत दिली, चापाच्या कडीला दोऱ्यानं बांधलेल्या पिवळ्या चिठ्ठीसकट. आर्डिसनं ती चिठ्ठीसकट शेडच्या भिंतीवर लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

तेव्हापासून ती खोटं बोलायला लागली. बंदूक आणून देणाऱ्या माणसाचा चेहरा तिला पसंत पडला नाही, की तिचा रंग वाळत नाही. हा स्प्रेचा रंग वरून दोन दिवसांत कोरडा दिसतो, पण आतून दगडासारखा व्हायला पाच-सहा आठवडे घेतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक. मग सहाचे दहा आठवडे झाले तर कोण हुज्जत घालणार? घटस्फोट झालेला एक, युद्धावरून आलेला एक, पोरगी गमावलेला एक. "रंग अजून ओला आहे." एप्रिल आला, बर्फ वितळलं, माणसाचे डोळे जरा हलायला लागले, की रंग वाळायचा. शिकारी मंडळाच्या बैठकीत एकदा तिनं उभं राहून सांगितलं, की हे प्रत्येकानं करावं, शेजाऱ्याची बंदूक शेजाऱ्यानं हिवाळाभर ठेवून घ्यावी. मागून एक आवाज आला, "आली बंदुका हिसकावणारी!" हशा झाला. "माझ्याकडं सात आहेत रे माकडा," आर्डिस म्हणाली, "आणि नेम तुझ्यापेक्षा बरा आहे." पण हात एकाचाही वर गेला नाही.

या वर्षी ऑक्टोबरात रॉइस टॅगर्ट आला.

रॉइस म्हणजे शाळेची बस. बावीस वर्षं त्यानं ती चालवली. गावातल्या निम्म्या माणसांची नाकं त्यानं स्वतःच्या रुमालानं पुसलेली. वसंतात त्याची बायको नादीन कर्करोगानं गेली, जूनमध्ये डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला म्हणून बस गेली. त्याच्या ट्रकच्या पुढच्या सीटवर कायम एक शिकारी कुत्री असायची, लांब कानांची, पेनी नावाची. आर्डिसनं खिडकीतून पाहिलं. सीट रिकामी.

"पेनी कुठाय?"

"मुलीकडं दिली. ओहायोला. म्हातारी झाली, तिला मोठं अंगण पाहिजे."

"म्हातारी ती झाली की तू?"

"दोघंही." तो हसला. हसू तोंडापुरतं होतं. ब्लँकेटमधून त्यानं रायफल काढून टेबलावर ठेवली. नादीननं लग्नात दिलेली, तिच्या बापाची.

"पानं?"

"पानं काय गं..." रॉइस दाराकडं बघत म्हणाला. "तुला आवडेल तसं कर. तू करशील ते चांगलंच करशील."

आर्डिसच्या हातात चिंधी होती. तिनं ती हळूच खाली ठेवली. पाठीमागच्या भिंतीवर पिवळी चिठ्ठी होती, तिच्याकडं न बघताही तिला ती दिसत होती.

"बरं," ती म्हणाली. "वेळ लागेल."

तो गेल्यावर तिनं रायफल उघडली, वाळू मारली, तापवली. नादीनच्या बापाच्या काळातलं तेल वर आलं, ते तीनदा पुसलं. भाग तारांना टांगले. आणि पिचकारी हातात घेऊन उभी राहिली, ती उभीच. पान कुठलं लावायचं? अंगणातले नेचे दाराबाहेरच होते. तिचा हात त्यांच्याकडं जाईना.

नोव्हेंबरच्या मध्यावर रॉइस आला. दारातच त्याला गाठून ती म्हणाली, "ओला आहे अजून."

गुरुवारी घरोघरी टर्की भाजून जेवायचा सण, त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी परत आला. "अजून ओला."

"अगं रंगवलंयस काय तू? बंदूक की तळ्यातलं बदक?"

"थंडी आहे. वाळत नाही. सणाला कुठं जेवणारेस?"

"घरीच. आहे काहीतरी डब्यातलं."

"माझ्याकडं ये."

"बघू," रॉइस म्हणाला, आणि आला नाही. आर्डिसनं दोन ताटं मांडून एकावर जेवण उरकलं.

शुक्रवारी दुपारी ती शेगडीतली राख बाहेर टाकायला मागं गेली होती. परत आली तर रॉइस शेडच्या मध्यभागी उभा. समोर तारांना त्याची रायफल टांगलेली, सतरा तुकड्यांत, राखाडी, उघडीवाघडी. रंगाचा एक थेंब नाही.

"हाच का तो ओला रंग?" तो म्हणाला.

आर्डिसनं राखेची रिकामी बादली खाली ठेवली.

"दीड महिना मला बनवतेयस. मी काय दुसरीतलं पोर आहे?" तो चिडलेला नव्हता, तेच वाईट होतं. आवाज सपाट होता, बसमध्ये थांब्यांची नावं घेतल्यासारखा. "आणि घरी आणखी चार आहेत, आर्डिस. चार. तुला काय वाटलं?"

सहा वर्षांचं तिचं शहाणपण त्या एका वाक्यात पायाखालून गेलं. तिला काय वाटलं होतं? एक बंदूक अडवली की माणूस अडला? रंग ओला, रंग ओला करत ती लपतच होती. गावानं 'साफ करताना' म्हणायचं आणि तिनं 'ओला आहे' म्हणायचं. तिच्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?

"रॉइस," ती म्हणाली, "तू जीव द्यायचं ठरवलंयस का?"

सहा वर्षांत हे शब्द तिनं एकाही माणसासमोर उच्चारले नव्हते.

"असं विचारतात का कुणाला?"

"वेंडेलला विचारलं नाही. मी विचारलं नाही, तू विचारलं नाहीस. दर रविवारी चर्चमध्ये त्याच्या बाकावर बसायचास तू. मी तुला विचारतेय. उत्तर दे."

रॉइस भिंतीकडं बघत राहिला. नेचे, दाट ते विरळ. पिवळी चिठ्ठी.

"सकाळी कॉफी दोघांची होते," तो शेवटी म्हणाला. "रोज ठरवतो एकाची करायची. हात दोघांचीच करतात. मग ती दुसरी ओतून देतो. एवढंच आहे माझं. रोज तेवढी कॉफी ओतायची." त्यानं टोपी डोक्यावर दाबली. "मला नको आता ते."

आणि निघाला. आर्डिस मागं धावली, "थांब! गाढवा, थांब म्हणते ना!" पण ट्रक सुटला होता. किल्ली शोधताना तिच्या हातून रंगाचा डबा पडला, फरशीभर हिरवं झालं, त्यातूनच पाय देत ती आपल्या गाडीत बसली. चार मैल. बारीक बर्फ सुरू झालं होतं. त्या चार मैलांत तिनं देवाला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

रॉइसचा ट्रक अंगणात होता. दार उघडं. रॉइस स्वयंपाकघरात उभा, टेबलावर ब्लँकेट पसरलेलं, त्यावर तीन बंदुका. तो त्या गुंडाळत होता की काढत होता, हे तिला सांगता आलं नसतं. बहुतेक त्यालाही.

"चौथी?" आर्डिस म्हणाली.

तो ब्लँकेटची कड सारखी करत राहिला.

"रॉइस. चार म्हणालास. चौथी?"

"जिन्याखाली."

"आण."

तो हलेना. ती पण हलली नाही. तिच्या बुटांचा हिरवा रंग नादीनच्या पांढऱ्या फरशीवर उमटत गेला होता, दारापासून टेबलापर्यंत. रॉइसनं ते पावलांचे ठसे पाहिले.

"ओला आहे," तो म्हणाला.

आणि मग खांदे हलायला लागले. हसत होता की काय, हे कळेपर्यंत तो खुर्चीत बसून रडत होता, बावीस वर्षं दुसऱ्यांची नाकं पुसलेला माणूस, स्वतःच्या बाहीत तोंड खुपसून. आर्डिसनं थोपटलं वगैरे नाही. तिला ते जमत नाही. जिन्याखाली जाऊन तिनं चौथी आणली, चारही गाडीत ठेवल्या, गोळ्यांचे डबे ठेवले. परत येऊन भांड्याकडं पाहिलं. सकाळची दुसऱ्या कपाची कॉफी होती, अजून ओतून न दिलेली, थंडगार. तिनं ती तापवली आणि त्याच्यासमोर बसून प्यायली.

"मुलीला फोन लाव," ती म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर."

"काय सांगू तिला?"

"मला आत्ता जे म्हणालास ते. आणि म्हणावं, पेनीला घेऊन ये."

त्यानं लावला. तिकडून मुलीचा आवाज बराच वेळ येत राहिला. उजाडेपर्यंत मी पोचते, असं ती तीनदा म्हणाली, तेवढं आर्डिसला ऐकू आलं.

फोन ठेवून तो म्हणाला, "आणि बंदुका परत कधी?"

"पानं आणशील तेव्हा."

"बर्फ पडलं. माझ्या जागेवर नुसते नेचे असतात, ते पहिल्या हिमातच करपले." तो खिडकीबाहेर बघत होता. "मे महिन्याशिवाय उगवत नाहीत ते."

"मग मे."

"मे," रॉइस म्हणाला.

एवढंच. गोष्ट गोड झाली असं समजू नका. मे अजून लांब आहे. आर्डिस रोज दुसरा कप प्यायला चार मैल जाते, कधी तो बोलतो, कधी भिंतीकडं तोंड करून बसतो. मुलगी आठवडाभर राहिली, त्याला डॉक्टरकडं नेऊन आणलं, आणि आता नोकरीसाठी परत गेलीय, कुत्री राहिलीय. शेडमध्ये सतरा तुकडे अजून राखाडीच टांगलेले आहेत. वेंडेलची बंदूक भिंतीवर आहे, आणि तिच्यावरचे नेचे तेवढेच सुंदर आहेत. मेमध्ये रॉइस पिशवी घेऊन येईल की नाही, हे आर्डिसला माहीत नाही.

तुमच्या घरात बंदूक नसेल. पण असा माणूस असेल, घरात नाहीतर शेजारी, जो हल्ली कशावरूनच भांडत नाही, ज्याला काहीही चालतं. आज त्याच्याकडं जा. आडून बोलू नका, रंग ओला आहे असलं काही सांगू नका. नाव घेऊन, सरळ शब्दांत विचारा, आणि तो उत्तर देईपर्यंत तिथून हलू नका.